कॉलनीच्या भिंतीवर चित्र काढायचंय, लोकांना खरंच सामील कसं करून घ्यायचं?

गोदाकाठचा_बंड्या

नमस्कार मंडळी. पंचवटीच्या बाजूला राहतो, नदीपासून दोन गल्ल्या वर. कॉलनीच्या तोंडाशी मनपाच्या बागेची कंपाउंड वॉल आहे, टेप लावून मोजली, 140 फूट लांब आणि 7 फूट उंच. तीन वर्षांपूर्वी कुठल्यातरी ठेकेदाराच्या पोरांनी येऊन दोन दिवसांत ती रंगवली होती, सूर्यास्त, पोपट, पाणी वाचवा, आणि एक डॉल्फिन. नाशकात डॉल्फिन का, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे निघाले, डॉल्फिनच्या शेपटीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, कोपऱ्यात कचरा, आणि संध्याकाळी अंधार पडला की काय चालतं ते सांगायला नको.

आता आमच्या मंडळाने ठरवलंय की आपणच रंगवायची, आणि सगळ्या कॉलनीने मिळून. मी उत्साहात व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकला की काय चित्र काढायचं. छत्रपती शिवाजी महाराज 14, प्रभू श्रीराम 12, झाडं-पक्षी 9, वारली 9, आणि ‘काहीही चालेल’ 31. त्यानंतर ग्रुपवर जे भांडण झालं ते अजून चालू आहे, दोन जण लेफ्ट झाले. एक इच्छुक नेते म्हणतात रंगाचा सगळा खर्च मी देतो, फक्त कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून नाव आणि फोटो टाका.

तर प्रश्न असा की मला ते रविवारी सकाळी सगळ्यांच्या हातात ब्रश देऊन फोटो काढायचे आणि सोमवारपासून परत थुंकायचं, असलं नकोय. लोकांना ही भिंत आपली वाटली पाहिजे. कुणी असं काही केलंय का? कुठून सुरुवात करू? रंग कुठला, परवानगी कुणाची, आणि देवांचं काय करायचं? (आमच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं आहे की देव काढले की आपोआप कुणी थुंकत नाही.)

ब्रशवाला_सातपूर

भाऊ, 22 वर्षं बोर्ड आणि भिंती रंगवतोय, आधी दुकानांच्या पाट्या हाताने लिहायचो, मग फ्लेक्स आला आणि आमचा धंदा बसला, आता शाळांच्या भिंती करतो. लोकसहभागाचं मला फार कळत नाही, भिंतीचं कळतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे तुमचे पोपडे का निघाले ते शोधा. बागेची भिंत आहे म्हणजे मागच्या बाजूला माती टेकलेली असणार, आणि माळी रोज पाइप सोडून देत असणार. ती ओल आतून येते, तुम्ही पुढून कितीही भारी रंग मारा, फुगून पडणारच. खालच्या दोन फुटांत मिठासारखं पांढरं फुटलंय का बघा. असेल तर आधी माती भिंतीपासून बाजूला ओढून घ्या, पाणी वळवा, आणि एक उन्हाळाभर भिंत सुकू द्या. एवढ्यावर लोक थांबत नाहीत आणि मग रंगाच्या कंपनीला शिव्या देतात.

नंतर पत्र्याने आणि तारेच्या ब्रशने जुना रंग खरवडा, शेवाळ असेल तर ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, चिरा भरा, नवीन प्लास्टर केलं तर 28 दिवस हात लावू नका. मग बाहेरचा प्रायमर एक हात आणि त्यावर एक्स्टिरियर अ‍ॅक्रिलिक इमल्शन दोन हात. घरातलं डिस्टेंपर पहिल्या पावसात गटारात जातं, आणि ऑइलपेंट ओल असलेल्या भिंतीवर फोड आल्यासारखा फुगतो, शिवाय त्याला टर्पेंटाइन लागतं, लहान पोरांच्या हातात ते देऊच नका. तुमची भिंत 980 चौरस फूट होते, लिटरला दोन हातांचे 50-60 फूट धरले तर 18 लिटर, म्हणजे 20 लिटरची एक बादली पुरते. चित्राचे रंग पांढऱ्यात स्टेनर, म्हणजे रंगछटेसाठीचा घट्ट रंग, घालून तयार करता येतात. भडक लाल, गुलाबी आणि लिंबू पिवळा उन्हाने लवकर उडतात, गेरू आणि पिवळ्या मातीचे रंग वर्षानुवर्षं टिकतात, तेव्हा चित्र ठरवताना हे डोक्यात ठेवा.

खालचा दीड फूट चित्र काढूच नका. गेरूचा जाड पट्टा मारा सरळ. चिखल उडतो तो तिथे, कुत्रं पाय वर करतं ते तिथे, आणि दरवर्षी दिवाळीला तेवढाच पट्टा परत मारला की भिंत नवी दिसते.

लोकांकडून रंगवून घ्यायचं तर युक्ती सांगतो. रेषा एकाच हाताने काढायच्या, भिंतीवर चौकटी आखून किंवा खाक्याने. खाका म्हणजे ब्राऊन पेपरवर पूर्ण मापाचं चित्र काढायचं, रेषेवर टाचणीने भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि निळीची पुरचुंडी त्यावर आपटत जायची, भिंतीवर ठिपके उमटतात. ते जोडले की चित्र. मग प्रत्येक भागात खडूने नंबर टाकायचा आणि डब्यांवर तेच नंबर. सात वर्षांचं पोरगंसुद्धा तीन नंबरचा डबा तीन नंबरात भरतं. शेवटची काळी आउटलाइन परत एकाच हाताने. एका वेळेला 20 पेक्षा जास्त माणसं उभी करू नका, माणशी 7 फूट भिंत येते, त्यापेक्षा दाटी झाली की रंग कमी आणि गोंधळ जास्त. लहान मुलं 4 फुटांपर्यंत, वरचं मोठ्यांनी लाकडी घोड्यावर उभं राहून. थंडीत सकाळी लवकर सुरू करू नका, दवाने भिंत ओली असते, दहानंतर या.

देवांचं विचाराल तर मी कंपाउंड वॉलवर देव आणि महाराज काढायला सरळ नाही म्हणतो. मागून ओल, पुढून गाड्यांचा चिखल. तीन वर्षांनी पोपडा सुटला की तोंडावरचा रंग खरवडायचा कुणी? मला एकदा खरवडावा लागला होता, दोन दिवस जेवण गेलं नाही.

खवचट_नाशिककर

एवढी मेहनत कशाला. लोकसहभाग म्हणजे चहा, वडापाव आणि सेल्फी. पन्नास जणांच्या मताने चित्र काढलं की एका कोपऱ्यात मोर, एका कोपऱ्यात तिरंगा, मधे बेटी बचाओ, आणि वर कमळात बसलेली पृथ्वी. दिल्लीची लोधी कॉलनी बघा, 2015-16 पासून स्टार्ट इंडिया नावाच्या कला संस्थेने तिथे चित्रकार बोलावून सरकारी क्वार्टरच्या भिंती रंगवल्या, देशभरातून लोक बघायला जातात. तिथे काय सगळ्या घरांचा पोल घेतला होता? एक चांगला चित्रकार पकडा, पैसे द्या, आणि त्याला त्याचं काम करू द्या. पेशंट ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरला सल्ला देतो का.

गोदाकाठचा_बंड्या

@ब्रशवाला_सातपूर दादा साष्टांग. मागे जाऊन बघितलं, कमरेएवढी माती आणि माळीकाकांचा पाइप बरोब्बर तिथेच 😄 

@खवचट लोधीचं पटतं, पण तिथे लोक बघायला जातात. आमच्या गल्लीत बघायला कोण येणार, इथे राहणारेच थुंकतात. चित्र भारी असणं हा माझा प्रॉब्लेमच नाहीये.

तिवंधा_ताई

मी जुन्या नाशकात राहते, आमच्या गल्लीत चार वर्षांपूर्वी एक भिंत केली, तुमच्यापेक्षा लहान, 40 फूट असेल. आम्ही काय काय चुकलो ते सांगते, त्याचाच जास्त उपयोग होईल.

पहिली मीटिंग रविवारी सकाळी नऊला ठेवली. आले सगळे पुरुष आणि दोन कॉलेजची मुलं. बायका कशा येणार, ती नळाची आणि स्वयंपाकाची वेळ. मग दुपारी साडेतीनला ठेवली, भांडी उरकल्यावर, आणि हॉलमध्ये न ठेवता भिंतीसमोरच सतरंजी टाकून. तेव्हा कुठे ओट्यावर बसणाऱ्या आज्याही आल्या. दुसरी चूक, आम्ही तयार स्केच घेऊन गेलो आणि विचारलं कसं वाटतंय. सगळे म्हणाले छान. आपल्याकडे छान म्हणजे विषय संपवा, मला घरी जायचंय. तुमच्या पोलमधले 31 ‘काहीही चालेल’ तेच आहेत बघा.

मग आमच्यातल्या एकीने स्केच गुंडाळून ठेवलं आणि सहज विचारलं की आपल्या रहाडीत पहिला धप्पा मारायचा मान कुणाचा होता? (बाहेरच्यांसाठी, रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडतात आणि त्यात उड्या मारतात. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा इथल्या ऐकल्या असतील.) बाप रे. जे काका तासभर मोबाइल बघत होते ते उठून उभे राहिले. एक म्हणे आमच्या आजोबांचा मान, दुसरा म्हणे छे, रहाड किती खोल होती यावर वाद, पाण्यात काय फुलं टाकायचे यावर वाद, एका आजींनी सांगितलं की आम्हाला बायकांना गच्चीवरूनच बघायला लागायचं, आणि एवढी वर्षं कुणी मला विचारलंच नाही की तुला उतरायचं होतं का. आमच्या भिंतीवर शेवटी रहाडीपेक्षा वरच्या गच्च्या मोठ्या आल्या, आणि गच्चीतल्या बायका कोण कोण आहेत ते गल्लीत सगळ्यांना माहिती आहे.

म्हणून माझं म्हणणं, ‘काय चित्र काढू’ हे विचारूच नका. त्या प्रश्नाला लोक कॅलेंडरवर बघितलेलं उत्तर देतात, त्यांचीही चूक नाही. असं काहीतरी विचारा जे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे आणि ज्यावर ते भांडतील. अमेरिकेत लॉस एंजेलिसला जुडिथ बाका नावाच्या चित्रकर्तीने पूर नियंत्रणाच्या कालव्याच्या भिंतीवर अर्धा मैल लांब चित्र केलंय, 2754 फूट. 1976 ते 1983 मधले पाच उन्हाळे लागले आणि चारशेवर मुलं त्यात होती, त्यातली बरीच पोलीस केसमध्ये सापडलेली. पण त्या मुलांना नुसते डबे भरायला नव्हतं ठेवलं, कॅलिफोर्नियाच्या पुस्तकी इतिहासात ज्यांची नावं नाहीत अशा लोकांच्या गोष्टी शोधायलाही त्यांना लावलं होतं, म्हातारीकोतारी माणसं आणि इतिहासवाले यांच्याशी बोलून. @खवचट, रेषा शेवटी चित्रकारांनीच ठरवल्या तिथेही. पेशंट ऑपरेशन करत नाही, पण कुठे दुखतंय ते पेशंटच सांगतो ना.

बंड्या, तू नदीपासून दोन गल्ल्या वर राहतोस. तुझा प्रश्न तुझ्या भिंतीवरच आहे. पाणी कुठपर्यंत आलं होतं, एवढंच विचार. नाशकात पूर इंचात कोण मोजतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, डोकं बुडालं, असंच आपण सांगतो. 2008, 2016, 2019, प्रत्येकाकडे स्वतःची एक रेष असते. खडू दे हातात.

पेठरोडवाला

वारलीला 9 मतं पडली म्हणून लिहितो, मी मूळ पेठ तालुक्यातला. वारली सोपी वाटते, दोन त्रिकोण आणि एक गोल, म्हणून शहरात जिथे तिथे काढतात, शौचालयावर पण. आमच्याकडे लग्नाचा चौक सुवासिनी बायका काढतात, गेरू-शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मधे पालघट देवी, आणि ते झाल्याशिवाय लग्न लागत नाही. कागदावर रोजचं आयुष्य काढायला सुरुवात झाली ती नंतर, डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं, 2011 ला पद्मश्री मिळाली त्यांना. तुम्हाला वारली पाहिजेच असेल तर नेटवरून कॉपी करू नका, पाड्यावरच्या चित्रकाराला बोलवा, त्याला नीट मजुरी द्या, आणि त्याला तुमची गल्ली दाखवा. तो बघेल ते काढेल, रिक्षा पण काढेल. नुसता तारपा नाच काढून तुमच्या कॉलनीचं काय होणार, तिथे तारपा वाजवतं कोण?

ब्रशवाला_सातपूर

परवानगीचं राहिलंच. भिंत मनपाची आहे तर पंचवटी विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी हो वर जाऊ नका, 1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा आहे, उद्या कुणी खोडसाळपणे तक्रार केली तर कागद हातात पाहिजे. आणि अर्ज देताना हे पण विचारा की ही भिंत पाडणार तर नाहीत ना. 2027 च्या कुंभमेळ्यासाठी रस्ते खोदतायत, रुंद करतायत, रंग वाळायच्या आधी जेसीबी आला असं नको व्हायला. नेत्याच्या फोटोचं म्हणाल तर एकाचा टाकला की दुसरा येतो, मी तर दोघांकडून एकेक बादली रंग घेतो आणि नाव कुणाचंच टाकत नाही, आतापर्यंत निभावलंय 😄

गोदाकाठचा_बंड्या

अपडेट देतो. काल दुपारी साडेतीनला सतरंजी टाकली, ताईंनी सांगितलं तसं. खडूचा बॉक्स ठेवला आणि विचारलं, पाणी कुठपर्यंत होतं?

पहिली दहा मिनिटं कुणी उठलं नाही. मग इस्त्रीवाले मामा उठले, भिंतीपाशी गेले आणि गुडघ्याच्या जरा वर रेष मारली, 2019. लगेच मागून आवाज, गुडघा कसला, माझी अ‍ॅक्टिव्हा सीटपर्यंत बुडाली होती, ती ताई आली आणि तिने वर रेष मारली. मग 2008 वाले आले. एकाने रेषेशेजारी गॅसचा सिलिंडर काढला कारण त्यांचा सिलिंडर तरंगत गल्लीच्या टोकाला गेला होता आणि तो चार दिवसांनी दुसऱ्याच माणसाने आणून दिला. पोरांनी पूर बघितलेलाच नाही, त्यांनी आईबापांना विचारून विचारून मासे, चपला, वाहून गेलेला फ्रीज काढला. सहा वाजेपर्यंत 140 फुटांतले 60 फूट खडूने भरले होते. डॉल्फिन तसाच ठेवायचा ठरला, पुरात वाहून आला म्हणून.

आणि मग भांडण. आमचे सेक्रेटरी म्हणाले, कॉलनीच्या तोंडावरच पुराच्या रेषा काढल्या तर फ्लॅटचे भाव पडतील, गिऱ्हाईक आलं की पहिलं हेच बघेल. चेष्टेने नाही, अगदी मनापासून. निम्म्या लोकांना पटलं पण.

दुसरं, एक आजोबा आहेत, फार बोलत नाहीत. ते शेवटी म्हणाले, पाणी काढताय ते ठीक आहे, पण पंचवटीची भिंत आहे तर 1930 पण काढा. काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात त्यांचे वडील होते. 2 मार्चला सुरू झालेला, बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वात, हे तारखेसकट त्यांनी सांगितलं. त्यावर एक जण पटकन बोलला, काका भिंतीवर राजकारण नको. आजोबा काहीच बोलले नाहीत, चप्पल घालून निघून गेले. मला तेव्हा काही सुचलं नाही आणि रात्रभर तेच डोक्यात आहे.

खवचट_नाशिककर

फ्लॅटच्या भावाचं विसरा, गिऱ्हाईक आलं की शेजारीच सांगतात पाणी कुठवर येतं, भिंतीची वाट कोण बघतं. डॉल्फिन ठेवला ते बेस्ट केलंत.

तिवंधा_ताई

आजोबांच्या घरी जा, आजच, मीटिंगची वाट बघू नकोस. आणि सगळ्यांसमोर मत मागायला जाऊ नकोस, नुसतं ऐकून ये, वडील काय सांगायचे ते. एखादी वस्तू, एखादा प्रसंग मिळेल, कुठे बसले होते, भाकरी कुठून आली, घरी काय झालं. राजकारण नको म्हणणाऱ्यांना तारखेवर वाद घालता येतो, शेजारच्या म्हाताऱ्याच्या बापाच्या भाकरीवर नाही घालता येत. आणि तरी कुणी नाही म्हणालंच तर मला विचारशील तर तिथे पोल घेऊ नकोस. सगळंच बहुमताने ठरवायचं म्हटलं तर आमच्या आजी गच्चीवरच राहिल्या असत्या.

गोदाकाठचा_बंड्या

जाऊन आलो. दीड तास बसलो, चहा दोनदा झाला. वडिलांची काठी अजून आहे त्यांच्याकडे, दाराच्या मागे. मी माप घेतलं, साडेचार फूट. पुढच्या रविवारी भिंतीपाशी ते स्वतः काठी घेऊन येतायत, म्हणाले पुराच्या रेषा मोजायला पण उपयोगी पडेल.

माळीकाकांनी पाइप हलवलाय. माती शनिवारी काढतोय, सात फावडी जमली आहेत, दोन घमेली कमी आहेत, पंचवटीत कुणाकडे असतील तर सांगा.